निवृत्त गुरुजींच्या नोकरीचं पुस्तक काढायचं तर कागद कुठे शोधायचे आणि कसे वाचायचे

प्रश्न थोडक्यात असा: वडील जून १९७० मध्ये सोलापूर जिल्हा परिषदेत प्राथमिक शिक्षक म्हणून लागले, पुढे केंद्रप्रमुख (दहाएक शाळांवर देखरेख करणारे) झाले आणि मे २००८ अखेर शाळा तपासणारे विस्तार अधिकारी (शिक्षण) म्हणून निवृत्त झाले. आता पंच्याहत्तरी झाली आहे. मुलांना त्यांच्या नोकरीवर शंभरेक पानांचं पुस्तक काढायचं आहे, पण वडील "त्यात काय सांगायचं" म्हणून विषय बंद करतात. माहिती आणायची कुठून?

सगळ्यात आधी एक काम थांबवा. मान्यवरांना शुभेच्छा संदेश मागवणारी पत्रं पाठवू नका. अशी बहुतेक पुस्तकं तिथेच फसतात: निम्मी पानं 'मनमिळाऊ, शिस्तप्रिय, विद्यार्थिप्रिय' या तीन शब्दांत जातात आणि माणूस कोणत्या गावात किती वर्षं होता हेही वाचून कळत नाही. आधी कागद, मग माणसं, आणि संदेश उरलेच तर शेवटच्या दोन पानांत.

दुसरी गोष्ट, शिक्षकाची वर्षं आणि अधिकाऱ्याची वर्षं एकाच पद्धतीने शोधता येत नाहीत. शिक्षक ज्या शाळेत शिकवतो तिथल्याच दप्तरात सापडतो. केंद्रप्रमुख किंवा विस्तार अधिकारी मात्र स्वतःच्या कार्यालयात फारसा सापडत नाही. तो सापडतो त्याने तपासलेल्या शाळांच्या शेरेबुकांत, म्हणजे भेटीला आलेला अधिकारी शेरे लिहितो त्या वह्यांत. हे लक्षात न आल्यामुळे अशा पुस्तकांत शिक्षकपणाला साठ पानं मिळतात आणि पुढची बारा-तेरा वर्षं 'विविध पदांवर यशस्वी काम केले' या एका वाक्यात उरकली जातात.

सेवापुस्तक

सुरुवात इथून. सेवापुस्तक म्हणजे नेमणूक, बदल्या, वेतन यांची कार्यालयीन नोंदवही. तिची दुय्यम प्रत कर्मचाऱ्याकडे असते. घरात ट्रंकेत, पेन्शनच्या फायलीत, एलआयसीच्या कागदांत शोधा. नसेल तर मूळ पुस्तकाचा माग काढावा लागेल. निवृत्तीच्या वेळी ते पेन्शन प्रकरणाबरोबर पंचायत समितीतून जिल्हा परिषदेच्या अर्थ विभागाकडे जातं. म्हणून शेवटची नेमणूक ज्या तालुक्यात होती तिथल्या गटशिक्षणाधिकारी कार्यालयात आणि मग सोलापूरला मुख्यालयात, अशी दोन्हीकडे चौकशी करा.

आधी साधा अर्ज द्या. आस्थापनेचा लिपिक चांगला असेल तर तेवढ्यावर काम होतं. नाही झालं तर माहितीच्या अधिकाराचा 'नमुना अ', १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, प्रतीला पानामागे २ रुपये, मुदत ३० दिवस. अर्ज वडिलांच्या नावाने आणि त्यांच्याच सहीने करा. तुमच्या नावाने केलात तर दुसऱ्याची वैयक्तिक माहिती म्हणून कलम ८(१)(जे) खाली नाकारला जाईल. सेवा अभिलेख ही वैयक्तिक माहिती आहे, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१२ चा निकाल आहे आणि कार्यालयांना तो पाठ आहे.

सेवापुस्तक हाती आलं की पहिल्या पानावरची जन्मतारीख बघा. १ जून असेल तर ती शाळेत नाव घालताना गुरुजींनी टाकलेली असण्याची शक्यता मोठी. त्या पिढीतली अर्धी माणसं १ जूनला जन्मलेली दिसतात, कारण शाळा जूनमध्ये सुरू व्हायची आणि वय मोजायला ते सोयीचं पडायचं. नियम असा की ५८ वर्षं ज्या महिन्यात पूर्ण होतात त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्ती, पण जन्म १ तारखेचा असेल तर आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी. म्हणून दरवर्षी ३१ मे रोजी जिल्हा परिषदेतून इतके शिक्षक एकदम निवृत्त होतात. तुमच्या पुस्तकात 'शासकीय नोंदीप्रमाणे १ जून १९५०' असं लिहा आणि घरात सण, दुष्काळ, कुणाचं लग्न यांवरून दुसरी तारीख सांगितली जात असेल तर तीही शेजारी द्या.

आता नोंदींवरून एक तक्ता करा. रकाने: कधीपासून, कधीपर्यंत, गाव व तालुका, पद, आदेशाचा दिनांक, शेरा. अडतीस वर्षांची नोकरी सहसा दहा-बारा ओळींत मावते. पुढचं सगळं पुस्तक या तक्त्यावर उभं राहणार, तेव्हा इथे घाई नको. चुका होतात त्या ठरलेल्या जागी.

एक, आदेशाची तारीख आणि हजर झाल्याची तारीख वेगळी असते. बदलीचा आदेश मे-जूनमध्ये निघतो, माणूस कार्यमुक्त होतो नंतर, हजर होतो आणखी काही दिवसांनी. तक्त्यात हजर दिनांकच धरा.

दोन, पगारवाढ ही बढती नव्हे. १ जानेवारी १९८६ आणि १ जानेवारी १९९६ या तारखांना वेतनश्रेणी बदललेली दिसेल. ते वेतन आयोग. १२ वर्षांनंतरची वरिष्ठ श्रेणी आणि २४ वर्षांनंतरची निवड श्रेणी यांनाही लोक 'प्रमोशन' म्हणतात, पण पद उपशिक्षकाचंच राहतं. तुमच्या वडिलांच्या बाबतीत निवृत्तीनंतरची नोंदही सापडेल, कारण सहावा वेतन आयोग राज्यात २००९ मध्ये आला आणि लागू झाला १ जानेवारी २००६ पासून. तिला पाहून 'हे तर २००९ पर्यंत नोकरीत होते' असा घोटाळा होतो.

तीन, 'कामगिरीवर' असणं. मूळ नेमणूक एका गावी, पण तिकडे शिक्षक कमी म्हणून तोंडी किंवा साध्या पत्राने दुसऱ्या गावी शिकवायला पाठवलेलं. सेवापुस्तकात याची ओळ बहुधा नसते. म्हणून एखादं गाव छातीठोकपणे सांगतं की गुरुजी आमच्याकडे दोन वर्षं होते आणि सेवापुस्तकात त्या गावाचं नावच नसतं. दोन्ही खरं असू शकतं. अशा वेळी त्या शाळेचं शिक्षक हजेरी पुस्तक बघायचं.

चार, डिसेंबर १९७७ मध्ये सुरू झालेला सरकारी कर्मचारी-शिक्षकांचा ५४ दिवसांचा संप. त्या काळाची नोंद कशी केली आहे, रजा कशी धरली आहे, ते वाचा. आणि वडिलांना हाच प्रश्न विचारा. स्वतःबद्दल न बोलणारे शिक्षकही संपाबद्दल बोलतात.

शैक्षणिक पात्रतेच्या नोंदीही कालक्रम तपासायला उपयोगी आहेत. १९७५ पूर्वीची एसएससी म्हणजे जुनी अकरावी. नोकरी करता करता बहिस्थ बी.ए. केलं असेल तर प्रमाणपत्र बहुधा शिवाजी विद्यापीठाचं असणार, कारण सोलापूरचं स्वतंत्र विद्यापीठ २००४ मध्ये झालं. मसुद्यात 'सोलापूर विद्यापीठातून १९८० साली पदवी' असं वाक्य राहून जाताना दिसतं, तेवढं टाळा.

शाळेचं दप्तर

तक्त्यातल्या प्रत्येक शाळेला जायचं. जून टाळा, तेव्हा प्रवेश आणि पटाची धावपळ असते. एप्रिल टाळा, तेव्हा निकाल. जुलै अखेर ते दिवाळी हा चांगला काळ. शनिवारी सकाळची शाळा असते, ती सुटल्यावर मुख्याध्यापक निवांत भेटतात. आधी गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या नावे पत्र देऊन दप्तर पाहण्याची परवानगी घ्या, तिची प्रत खिशात ठेवा. जनरल रजिस्टर, म्हणजे मुलांच्या प्रवेशाची आणि शाळा सोडल्याची नोंदवही, शाळेबाहेर जात नाही. तिथेच बसून बघायचं.

सगळंच मिळेल असं धरू नका. जनरल रजिस्टर कायमचं जपायचं दप्तर आहे, ते असतंच. मुलांची हजेरीपत्रकं मुदत संपली की नष्ट करतात. उजनीच्या पाणलोटातल्या करमाळा-माढा भागात गावंच उठून नव्या गावठाणात गेली. तिथे शाळा आज ज्या जागी दिसते तिथे वडिलांनी शिकवलेलंच नसेल, आणि दप्तरही हलवाहलवीत विस्कटलेलं असतं. शाळांची नावंही बदलतात. जुन्या कागदावर 'जीवन शिक्षण विद्यामंदिर' असतं, आज फलकावर 'जि. प. प्राथमिक शाळा', मुलींची शाळा मुलांच्या शाळेत विलीन झालेली असते. शाळा बंद झाली असेल तर दप्तर जवळच्या शाळेत किंवा केंद्रशाळेत विचारा.

जनरल रजिस्टर वाचायची एक युक्ती आहे. वडील मुख्याध्यापक किंवा एकशिक्षकी शाळेचे गुरुजी असतील, तर त्यांच्या काळातल्या नोंदी त्यांच्याच हातच्या. अक्षर कुठे सुरू झालं आणि कुठे बदललं ते बघा. तक्त्यातल्या तारखा तिथेच पडताळून होतात. मग दोन रकाने उतरवून घ्या: प्रवेशाचा दिनांक आणि शाळा सोडल्याचं कारण. १९७२ च्या दुष्काळातली पानं सावकाश बघा. 'परगावी गेल्याने', 'सतत गैरहजर' अशी कारणं एकाखाली एक येतात आणि त्यांच्याच पुढे काही नावं पुन्हा दाखल झालेली असतात. ती पुन्हा आलेली मुलं कुणी आणली, घरी जाऊन की खडीच्या कामावर जाऊन, हा प्रश्न वडिलांसमोर ठेवा. नुसतं "दुष्काळाच्या आठवणी सांगा" म्हटलं तर उत्तर येत नाही. रजिस्टरमधली पाच नावं वाचून दाखवली तर येतं. मात्र त्या रजिस्टरमधली जात, जन्मतारीख आणि नापासाच्या नोंदी छापू नका. ती माणसं आज साठीत आहेत, त्यांची परवानगी घेऊन जेवढं सांगतील तेवढंच.

बाकीच्या दप्तरात डेडस्टॉक रजिस्टर कुणी उघडत नाही, पण त्यात कोणत्या साली शाळेत नकाशा आला, टेबल आलं, रेडिओ आला हे असतं. ग्रामशिक्षण समितीच्या इतिवृत्तात खोलीसाठी लोकवर्गणी, विहिरीचं पाणी, जागेचा वाद सापडतो. (शाळा व्यवस्थापन समिती हे नाव शिक्षण हक्क कायद्यानंतरचं, म्हणजे २०१० पासूनचं, वडिलांच्या काळासाठी ते वापरू नका.) चौथी आणि सातवीच्या शिष्यवृत्तीचे निकाल वेगळ्या फायलीत असतील तर नक्की घ्या. शिष्यवृत्ती पाचवी-आठवीला नंतर गेली.

वडील अक्कलकोट किंवा दक्षिण सोलापुरात मराठी शाळेवर असतील तर एक धडा त्यावरच होऊ शकतो. तिथे पहिलीत येणाऱ्या बऱ्याच मुलांच्या घरची भाषा कन्नड. मराठी पाठ्यपुस्तक, मराठी गुरुजी आणि वर्गात निम्मं कन्नड. पहिले तीन महिने काय केलं, कोणते शब्द आधी घेतले, मोठ्या वर्गातल्या मुलांना दुभाषी केलं का, स्वतः किती कन्नड शिकले, असे प्रश्न विचारा. इथे मिळालेली दोन पानं दहा शुभेच्छांपेक्षा मोलाची.

केंद्रप्रमुख आणि विस्तार अधिकारी

केंद्रप्रमुख हे पद १९९४ च्या शासन निर्णयाने आलं. साधारण दहा शाळांमागे एक. म्हणजे तुमचे वडील त्या पदावरच्या पहिल्या काही फळींतले. आधी कुणी केलेलं नव्हतं, कार्यालय म्हणजे केंद्रशाळेतलं एक कपाट, आणि काल ज्यांच्याबरोबर डबा खाल्ला त्यांचीच आज तपासणी. हा अवघडपणा त्यांना नक्की आठवत असेल; विचारायचा कसा ते पुढे सांगतो.

या वर्षांत प्राथमिक शाळेत काय काय बदललं याची चौकट आधी मनात ठेवा. १९९५ मध्ये क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम आला, त्याच्या आगेमागे प्राथमिक शिक्षकांची 'स्मार्ट पी.टी.' ही राज्यभरची प्रशिक्षणं झाली. १९९५-९६ पासून पोषण आहाराचा तांदूळ: ८० टक्के हजेरी असलेल्या मुलाला महिन्याला ३ किलो. त्याआधीपासून दारिद्र्यरेषेखालच्या काही गटांतल्या मुलींना दिवसाला १ रुपया उपस्थिती भत्ता होताच. जून २००० पासून पहिलीपासून इंग्रजी. मग सर्व शिक्षा अभियान आणि त्याचे हिशेब. यातल्या प्रत्येक गोष्टीत केंद्रप्रमुखाला प्रत्यक्ष करावं लागणारं काम होतं. तांदळाचं घ्या: पोती कुठे उतरवायची, वाटपाच्या दिवशी हजेरी एकदम शंभर टक्के कशी होते, गैरहजर मुलाचे पालक शाळेत येऊन भांडले तर काय. इंग्रजीचं घ्या: स्वतः पाचवीपासून इंग्रजी शिकलेल्या शिक्षकाला पहिलीच्या मुलाशी इंग्रजीत बोलायला कसं उभं केलं. जिल्ह्यातली प्रशिक्षणं वेळापूरच्या 'डाएट'मधून (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था) ठरायची, तिथली प्रमाणपत्रं घरात असतील तर तारखा मिळतील.

आता शेरेबुक. विस्तार अधिकाऱ्याच्या बीटमधल्या, म्हणजे त्याच्याकडे सोपवलेल्या भागातल्या, पाच शाळा निवडा, त्यातल्या दोन रस्त्यापासून आतल्या वाडी-वस्तीच्या. वडिलांची सही असलेली पानं काढा. शेरा साधारण अशा थाटाचा असतो:

"पट ६२, हजर ४७. इ. ३ री हातच्याची वजाबाकी कच्ची, दशक सुटा करून दाखवावा. इ. १ ली वाचन बरे. टाचण वही दोन दिवस मागे. मुलींचे मुतारीस दार नाही, ग्रामपंचायतीस पत्र द्यावे."

पुस्तकासाठी एकटा शेरा फारसा कामाचा नाही. त्याच शाळेचा पुढच्या भेटीचा शेरा शोधा. वजाबाकी पुन्हा तपासली का? दाराचं विचारलं का? तारखांत अंतर किती? पहिल्या शेऱ्यातला मुद्दा दुसऱ्यात धरलेला दिसला तर अधिकारी कसा होता हे सांगायला विशेषण लागत नाही. उलट प्रत्येक शाळेत "दप्तर अद्ययावत, काम समाधानकारक" एवढंच दिसलं तर तेही कळतं, आणि मग त्या प्रकरणात फार फुगवून लिहू नये. छापताना ज्या शिक्षकाबद्दल शेरा आहे त्याचं नाव आणि गाव दोन्ही काढा.

घरातल्या दैनंदिन्या हा दुसरा खजिना. केंद्रप्रमुखाला आणि विस्तार अधिकाऱ्याला महिन्याचा फिरती कार्यक्रम आधी मंजूर करून घ्यावा लागतो आणि नंतर दैनंदिनी व प्रवासभत्ता बिल द्यावं लागतं. कार्बन प्रत बरेच जण ठेवतात. फिरती कार्यक्रमात लिहिलेलं गाव आणि दैनंदिनीतलं गाव वेगळं असेल तर मधल्या दिवशी काहीतरी घडलेलं असतं: निवडणुकीचं प्रशिक्षण, साहेबांची अचानक भेट, एखाद्या शाळेला गावाने ठोकलेलं कुलूप. तिथे बोट ठेवून विचारा.

निलंबन, चौकशी, रोखलेली वेतनवाढ अशी नोंद सेवापुस्तकात निघाली तर घाबरू नका, पण बाहेरच्यांना दाखवण्याआधी वडिलांना एकटं गाठून विचारा. ठेवायची की नाही हा निर्णय त्यांचा. वगळायची ठरली तर त्या वर्षांत खोटी पदं किंवा खोटी गावं घालून जागा भरू नका.

बोलतं करणं

चरित्र, आठवणी हे शब्दच काढू नका. तक्ता त्यांच्यापुढे ठेवा आणि म्हणा, "यात चुका असतील, तपासून द्या." आयुष्यभर वह्या तपासलेला माणूस लाल पेन मागतो. बोलणं तिथून सुरू होतं. केंद्रप्रमुखपदाची सुरुवातही अशीच काढा. "जुन्या सहकाऱ्यांना राग आला का" असं न विचारता "पहिली तपासणी कोणत्या शाळेची, बरोबर कोण होतं" असं विचारा.

एका बैठकीत एकच गाव. प्रश्न ठोस हवेत: शाळेला जायचं कसं, एसटी कुठे सोडायची, पुढे किती चालायचं, राहायला खोली कुणाची, भाडं किती, दोन गुरुजींत चार वर्ग कसे वाटले, पावसात वर्ग कुठे भरायचा, पगार कुठून आणि कसा आणायचे. मोबाइलवर आवाज ध्वनिमुद्रित करा, पाऊण तासाच्या पुढे जाऊ नका, समोर दोनच माणसं असावीत. नातवंडांसह सगळं घर बसलं की भाषण सुरू होतं.

आईला वेगळं बसवून विचारा. बदल्यांचा खरा हिशेब त्यांच्याकडे असतो, कारण प्रत्येक बदलीला संसार त्यांनी बांधलेला असतो. थोरला कुठल्या गावी असताना झाला, धाकटीला पहिलीत कुठे घातलं, यावरून सालं लागतात. तुमचे स्वतःचे शाळा सोडल्याचे दाखलेही काढा. वडील कुठल्या वर्षी कुठे होते याचा तो पक्का पुरावा आहे.

माजी विद्यार्थ्यांना "गुरुजींबद्दल चार शब्द लिहा" असं सांगू नका. "त्यांनी शिकवलेली एक गोष्ट सांगा, कशी शिकवली ते सांगा" असं म्हणा. लेख मागवण्यापेक्षा फोनवर बोलून तुम्ही लिहा. आणि 'जिल्ह्यातील पहिले', 'एकमेव' असे दावे कागद नसेल तर कापा. पुरस्कार लिहिताना साल आणि देणारी संस्था दोन्ही लिहा. तालुक्याचा, जिल्हा परिषदेचा आणि राज्य शासनाचा आदर्श शिक्षक पुरस्कार या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. बातमी कुठे आली होती असं कुणी म्हणालं तर ५ सप्टेंबरच्या पुढच्या आठवड्याचे सोलापूरच्या दैनिक 'संचार'चे अंक आधी बघा.

छपाई

९६ पानं डेमी आकारात करा, म्हणजे १६ पानांचे बरोबर सहा फॉर्म होतात आणि कागद वाया जात नाही. जुने छोटे फोटो ६०० डीपीआयला स्कॅन करा, मोबाइलने काढलेले फोटो छपाईत काळे येऊ शकतात. गटफोटोत उभे-बसलेले कोण हे डावीकडून क्रमाने वडिलांकडून आत्ताच लिहून घ्या. सेवापुस्तकाचं पान छापणार असाल तर बोटांचे ठसे आणि सही झाका.

मजकूर तुम्ही युनिकोडमध्ये टाइप कराल आणि प्रेसवाला बहुधा श्रीलिपी या छपाईच्या फॉन्टपद्धतीत बदलून घेईल. त्या बदलात रफार सरकतो, 'ऱ्य' आणि 'ऱ्ह' मोडतात, आकडे कधी इंग्रजी होतात. म्हणून शेवटचं प्रूफ संगणकावर नको, कागदावर घ्या. तारखांचा तक्ता एकाने मोठ्याने वाचायचा आणि दुसऱ्याने सेवापुस्तकाशी ताडायचा. हे दुसरं काम वडिलांनाच द्या.